राक्षसाच्या डोक्यात एकच सीट

महाकाय यंत्रमानवांच्या गोष्टींत तोफा, तलवारी आणि रॉकेटं इतकी असतात की मूळ मुद्दा नजरेआड होतो. मूळ मुद्दा असा, की यंत्रमानव चार मजली असो नाहीतर चाळीस मजली, त्याच्या डोक्यात किंवा छातीत बहुधा एक माणूस असतो आणि तो बसलेला असतो. बाहेर शहरं कोसळताहेत आणि आत हा पट्टा लावून खुर्चीत. आता घोडेस्वारही बसूनच लढायचे, असं कोणी म्हणेल. पण घोड्यावर बसण्याला बसणं म्हणत नाहीत. चार कोस दौड झाल्यावर मांड्यांना विचारा.

ही खुर्ची आणली जपान्यांनी. १९५६ मध्ये मित्सुतेरू योकोयामांचा 'तेत्सुजिन २८' आला, पण तो रिमोटवर चालायचा. रिमोट ज्याच्या हाती, यंत्र त्याचं. चोराच्या हाती गेला की चोराचं. घरात एक टीव्ही आणि दोन पिढ्या असलेल्या कुणालाही यातला धोका वेगळा सांगायला नको. मग १९७२ मध्ये गो नागाईंनी 'माझिंगर झेड'मध्ये चालकाला थेट यंत्राच्या डोक्यात नेऊन बसवलं. ही कल्पना त्यांना ट्रॅफिकमध्ये अडकलेले असताना सुचली म्हणे. पुढच्या गाड्या हलेनात, तेव्हा वाटलं, आपल्या गाडीला हातपाय फुटावेत आणि सगळ्यांना ओलांडून चालत जावं. पुण्यात नवले पुलापासून वारज्यापर्यंत रोज हजारो माणसांच्या मनात हाच विचार येत असतो. नागाईंनी घरी जाऊन चित्र काढलं, आपण घरी जाऊन जेवतो.

हा माझिंगर नायकाला आजोबांकडून मिळतो. आजोबा मरता मरता बजावतात की या यंत्राच्या जोरावर तू देवही होशील, सैतानही होशील. आपल्याकडे आजोबा सातबाराचा उतारा ठेवून जातात. त्यात देव होण्याची सोय नसते, पण दुसरी पुरेपूर असते.

माझा लाडका मात्र १९७९ च्या 'गंडम'मधला अमुरो. हा पोरगा पहिल्यांदा यंत्रात शिरतो तेव्हा हातात माहितीपुस्तिका असते आणि ती चाळत चाळत तो अठरा मीटरचं धूड उभं करतो. शत्रू समोर आणि हा पान उलटतोय. मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत एकाही वस्तूचं पुस्तक ज्याने आजवर उघडलं नाही अशा गृहस्थाशी माझं लग्न झालेलं असल्यामुळे असेल, पण मला तो प्रसंग पाहताना भरून येतं.

तर इतकी वर्षं लोक हे बाहेरून पाहत होते. आत बसायला मिळावं म्हणून खटपटीही झाल्या. शिकागोत १९९० मध्ये 'बॅटलटेक सेंटर' उघडलं. बंद कॅबिनमध्ये एकेकट्याने शिरायचं, समोर पडदा, पुढ्यात बटणं. मग २००२ मध्ये कॅपकॉमने 'स्टील बटालियन' नावाचा गेम काढला आणि त्याबरोबर जो कंट्रोलर दिला तो टीपॉयभर होता. सुमारे चाळीस बटणं, दोन दांडे, तीन पेडलं, आणि दोनशे डॉलर किंमत. यंत्र सुरू करायचं म्हणजे आधी एकेक खटका वर करत जायचं. आग विझवायचं बटण वेगळं, समोरचा पडदा धुऊन काढायचं वेगळं. एक बटण खास प्लॅस्टिकच्या झाकणाखाली होतं, बाहेर उडी मारण्याचं. यंत्र नष्ट होताना ते वेळेत दाबलं नाही तर चालक मरायचा आणि तुमची तोवरची साठवलेली सगळी मजलही पुसली जायची. लोक या क्रूरपणाचं कौतुक करतात. मी कौतुक करते ते पडदा धुण्याच्या बटणाचं. तोफ कुणीही देतं हो. राक्षसाच्या डोळ्यावर चिखल उडाला तर काय, हा विचार ज्याच्या मनात आला त्याने आयुष्यात खरोखर गाडी चालवलेली होती.

आणि माझ्या मते या खेळांचं सगळं रहस्य तिथेच आहे. हे खेळ लढाईचे म्हणून विकले जातात. असतात ते ड्रायव्हिंगचे.

२०१२ मध्ये विशीही न गाठलेल्या पामर लकीने डोक्यावर चढवायचा आभासी जगाचा हेडसेट बनवण्यासाठी इंटरनेटवर लोकांपुढे झोळी पसरली. जवळजवळ चोवीस लाख डॉलर जमले आणि दोनच वर्षांत फेसबुकने त्याची कंपनी सुमारे दोन अब्जांना उचलली. पुढे असे डबे स्वस्त होत होत आमच्या बावधनच्या फ्लॅटपर्यंत पोचले. आणला चिरंजीवांनी. चिरंजीव इंजिनिअरिंगला गेले, हॉस्टेलच्या खोलीत तिघे जण, त्यात आभासी जगाला जागा कुठून असणार? डबा टीव्हीखालच्या कप्प्यात राहिला. जाताना चिरंजीव सांगून गेले, "आई, अधूनमधून चार्ज कर फक्त." चार्ज केला. मग चार्ज झालाय की नाही ते पाहायला डोक्यावर चढवला.

पन्नाशीत हा डबा चढवायचा म्हणजे पहिला प्रश्न चष्म्याचा. जवळचा घालायचा की लांबचा? समोर डोंगर दिसतो तो दोन कोसांवर. पण भिंगांचा हिशेब असा असतो की डोळ्याला तो दीड-दोन मीटरवरच्या भिंतीवर असल्यासारखा पाहावा लागतो. म्हणजे डोंगर लांब, नजर जवळ. प्रोग्रेसिव्ह काचेतून मान वरखाली करत मी त्या डोंगराचा सुवर्णमध्य शोधला, आणि मग खाली पाहिलं.

खाली माझे पाय नव्हते. दोन दांडे होते, पुढ्यात घड्याळांसारख्या तबकड्या, समोर जाड चौकटीची काच, आणि काचेपलीकडे बरंच खाली, लाल मातीचा उजाड ग्रह.

गेमचं नाव 'व्हॉक्स मॅकिने'. कॅनडातल्या एका छोट्या स्टुडिओने २०१८ मध्ये अर्धा आणि २०२२ मध्ये पूर्ण बाहेर काढला. परग्रहावर खाणकंपन्यांची भांडणं लागली आहेत आणि 'ग्राइंडर' नावाची चालती धुडं घेऊन एकमेकांना फोडायचं, एवढीच गोष्ट. पण यात बटण दाबून पुढे जाता येत नाही. हात पुढे करून दांडा पकडावा लागतो, खरोखर मूठ आवळून. एका हाताला वेगाचा, दुसऱ्या हाताला वळण्याचा. दांडा ढकलला की खालून कुठून तरी कण्हल्यासारखा आवाज येतो, केबिन एका अंगाला कलते आणि राक्षस सावकाश पाऊल उचलतो. दांडा मागे ओढला म्हणून तो लगेच थांबत नाही. थांबण्याचा विचार करतो.

या सावकाशीतच त्याचं वजन आहे. उंची दसपट केली की हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ, आणि म्हणून ताकद, शंभरपट होते आणि वजन हजारपट. राक्षसाची हाडं माणसाच्याच प्रमाणात ठेवली तर तो स्वतःच्या भाराने मोडेल, हे गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवलंय. म्हणून पडद्यावरचा यंत्रमानव तुरुतुरु धावला की डोळ्याला तो खेळणं वाटतो आणि रेंगाळला की डोंगर वाटतो. आमच्या घरात रविवारी सकाळी एक गृहस्थ याच तत्त्वावर भारदस्त दिसतात.

पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ती सीट. एकच आहे. आमची गाडी मी चालवते, गेली पंधरा-वीस वर्षं. डावीकडे अहो बसतात आणि तेही चालवतात. उजवा पाय सतत नसलेल्या ब्रेकवर. "अगं रिक्षा", "अगं डावीकडून", "अगं सिग्नल लाल होईल आता". होईल! भविष्यकाळातसुद्धा ब्रेक. या केबिनमध्ये मी मागे वळून पाहिलं, डावीकडे हात फिरवून पाहिला. कुणी नाही. लोखंडी भिंत. पंचावन्न टनांचं की किती ते धूड मी दगडावर आपटलं, कड्यावरून घसरवलं, एक हात गमावून बसले, आणि "मी सांगत होतो" असं म्हणायला ग्रहावर जीव नव्हता.

अर्थात पोटाचा प्रश्न असतो. आभासी खेळ म्हटला की मळमळ आलीच, आणि तिचं कारण मजेदार आहे. डोळे म्हणतात, आपण चाललोय. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते, छे, सोफ्याशेजारच्या खुर्चीत आहोत. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळेनात की मेंदूला वेगळाच संशय येतो. ट्राइझमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये तर्क मांडला की पूर्वी माणसाची अशी गफलत व्हायची ती काहीतरी विषारी खाल्ल्यावर, म्हणून मेंदू घाबरून पोट रिकामं करायचा हुकूम सोडतो. एसटीने वरंधा घाट चढताना अख्खी गाडी लिंबं हुंगत, पिशव्या सांभाळत पिवळी पडलेली असते, पण ड्रायव्हरला कधी ओकारी होताना पाहिलंय? पुढचं वळण त्याच्या हातात असतं, मेंदूला खबर आधी पोचलेली असते. यंत्रमानवाच्या खेळात तुम्हाला दांडे देतात ते त्यासाठीही. शिवाय ती जाड खिडकीची चौकट. जग कितीही हेलकावलं तरी चौकट, तबकड्या, सीट जागच्या जागी, त्यामुळे नजरेला धरायला काहीतरी घरचं राहतं. कॉकपिट शोभेला नसतं, ते आलेपाकाचं काम करतं.

सगळ्यांना हे जमलं असं नाही. २०१६ मध्ये प्लेस्टेशनच्या हेडसेटबरोबर 'रिग्ज' नावाचा गेम आला. यंत्रमानवांचा मैदानी सामना, पळत जाऊन मधल्या रिंगणातून उडी टाकायची. नेम धरायचा तो मानेने, जिकडे पाहाल तिकडे गोळी. यंत्र फुटलं की खेळाडू सीटसकट आभाळात फेकला जाई आणि वरून सगळं मैदान दिसे. फार देखणा होता म्हणतात. बनवणारा केंब्रिजचा स्टुडिओ पुढच्याच जानेवारीत बंद झाला. मानेने नेम धरणं हे ज्यांच्या एक्स-रेवर 'सर्व्हायकल' लिहिलेलं नाही अशा वयोगटाला ठीक. माझा नेम व्होव्हेरानच्या हिशेबाने धरावा लागला असता.

आता बाहेरून हे कसं दिसतं तेही सांगायला हवं, कारण आत बसलेल्याला त्याची कल्पना नसते. हॉलच्या मधोमध डायनिंगची खुर्ची. तीवर एक बाई, डोक्यावर पांढरा डबा, गाऊनवर ओढणी. दोन्ही हातांनी हवेतलं काहीतरी पकडून ढकलते आहे आणि मधूनच "सरक, सरक ना मेल्या" म्हणते आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी दारातून हे पाहिलं आणि सरळ देवघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "दुखत नाही ना काही?" तिसऱ्या दिवसापासून पानात वाढायच्या आधी माझ्या खांद्याला हात लावून "उतर आता" म्हणतात. ही क्रियापदाची निवड मला फार सन्मानाची वाटते.

मावशींचं तसं नाही. मावशी सकाळी अकराला फरशी पुसायला येतात आणि अकरा म्हणजे अकरा. त्या दिवशी मी एका खिंडीच्या तोंडाशी दबा धरून होते. पलीकडून शत्रूची दोन धुडं येताना दिसत होती, तोफ तापत आली होती, आणखी एक क्षण थांबले असते तर दोघं एका रेषेत आले असते. एवढ्यात त्या निर्जन ग्रहाच्या आकाशातून आवाज आला, "ताई, पाय वर."

घेतले. दुसरं काय करणार? खाली फिनेलचा वास, समोर दोन शत्रू, आणि मांडी घालून बसलेली यमदूती. "डावीकडं सरका जरा, खुर्चीखाली राहिलंय." खुर्ची सरकवली. खुर्ची सरकली तशी मी केबिनच्या भिंतीतून आरपार बाहेर आले आणि माझ्याच यंत्राच्या कानाजवळ हवेत लटकले. तिथून माझा राक्षस मला पहिल्यांदा बाजूने दिसला. तो माझ्याशिवाय तसाच उभा होता, गोळ्या खात, निमूटपणे. "झालं, बसा आता," मावशी म्हणाल्या. तोवर आमचं झालेलंच होतं.

ऑनलाइनही खेळता येतं, पण आपल्या दुपारच्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं. संगणकाने चालवलेली यंत्रं भिडू म्हणून मिळतात, ती गुणी असतात आणि उगाच बोलत नाहीत. एकदा उशिरा रात्री मात्र खरे भिडू मिळाले. आमच्या तुकडीचा म्होरक्या आवाजावरून चौथी-पाचवीतला असावा, उच्चार अमेरिकन. "तुझ्या मागे! मागे! तू बघत का नाहीस?" असा सारखा ओरडत होता. त्याच्याकडे सकाळ असावी. मी विचारलं, "बाळा, आज शाळा नाही का?" क्षणभर त्या ग्रहावर पूर्ण शांतता पसरली. मग त्याचं यंत्र सावकाश वळलं आणि एका टेकडीमागे जाऊन उभं राहिलं. त्यानंतर आमच्या बाजूचे हुकूम मी दिले.

एवढं सगळं खोटं-खोटं चाललंय तर खरी यंत्रं कुणी बनवत नाही का? बनवतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेगाबॉट्स कंपनीने जपानच्या सुइदोबाशीवाल्यांना जाहीर आव्हान दिलं, आणि २०१७ मध्ये जपानमधल्या एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात खरंच दोन देशांच्या राक्षसांची जुंपली. अमेरिकन यंत्राच्या हाताला प्रचंड चेनसॉ, खाली पट्ट्यांची चाकं. जपानी 'कुराटास' चार मीटरचा. लोकांना दोन वर्षं धीर निघत नव्हता, आणि प्रत्यक्षात दोन्ही धुडं एकमेकांकडे अशी सरकली जशी लग्नाच्या हॉलबाहेर दोन इनोव्हा पार्किंगसाठी सरकतात. दोन वर्षांनी अमेरिकन यंत्र ईबेवर विक्रीला निघालं. योकोहामाचा अठरा मीटरचा गंडम २०२० पासून २०२४ पर्यंत गुडघे वाकवून, हात हलवून दाखवायचा. वजन पंचवीस टन, पाठीला आधार. आणि २०२३ मध्ये त्सुबामे कंपनीने 'आर्काक्स' आणला, साडेचार मीटर उंच, साडेतीन टन, किंमत चाळीस कोटी येन. गाडीच्या रूपात ताशी दहा किलोमीटर जातो. अहोंनी हा आकडा वाचून मान डोलावली. "चांदणी चौकाला पुरेसा आहे," म्हणाले.

काही गोष्टींत मात्र यंत्रं आधी कामाला असतात. जपान्यांच्याच 'पॅटलेबर'मध्ये, १९८८ च्या, महाकाय यंत्रं मुळात बांधकामासाठीच असतात, आणि त्यातली काही गुन्हेगारांच्या हाती लागतात म्हणून पोलिसांना आपली वेगळी घ्यावी लागतात. १९८६ च्या 'एलियन्स' चित्रपटात नायिका रिप्ली शेवटी राक्षशिणीशी झुंजते ते गोदामात माल चढवायच्या यंत्रात शिरून, आणि ते तिला चालवता येतं कारण ती तेच काम करत असते. ही मंडळी, म्हणजे पॅटलेबर रचणारी आणि रिप्लीला गोदामात कामाला लावणारी, मला बाकी सगळ्या तोफवाल्यांपेक्षा शहाणी वाटतात.

असं वाटायला एक प्रत्यक्ष पुरावाही आहे. मावशींचा मुलगा सागर समोरच्या प्लॉटवर पोकलेन चालवतो. तीन मजली तळघर खणताहेत तिथे. आमच्या भिंतींना त्याची रोजची जाणीव असते. एका रविवारी तो मावशींना न्यायला आला, त्यांचं आवरत होतं, म्हणून मी म्हटलं, बस, हे बघ.

डबा घातला. मला वाटलं, बावरेल. त्याने आधी सीटवर नीट टेकून घेतलं, डावा दांडा जरा हलवून पाहिला, उजवा हलवला, आणि म्हणाला, "ढिला आहे." मग दोन्ही एकदम, बोटांनी, मूठ न आवळता. माझा तो कण्हणारा, डगमगणारा राक्षस त्याच्या हाताखाली सरळ रेषेत चालायला लागला. मी त्याला इतकं सभ्य चालताना पाहिलं नव्हतं. उतारावर आल्यावर थांबला.

"बकेट कुठंय ताई?"

"बकेट नाही. तोफ आहे."

"मग उतारावर तोल कशावर धरायचा?" असं म्हणून त्याने यंत्र वळवलं आणि लांबच्या, सपाट वाटेने नेलं. लांबून कोणीतरी गोळ्या झाडत होतं. सागर त्याच्याकडे लक्ष देत नव्हता. तो मातीकडे पाहत होता. हे मशीन डिझेल किती खातं, एसी कुठे आहे, तासाचा रेट काय असेल, असं एकेक विचारत होता. मी त्याला योकोहामाच्या गंडमबद्दल सांगितलं, अठरा मीटर, पंचवीस टन. "आमचंच वीस टनाचं आहे," तो म्हणाला, "आणि तीन मीटर उंच. तो पोकळ असणार."

तेवढ्यात कोणीतरी त्याचा डावा हात उडवला. त्याने डबा काढला, चष्मा पुसावा तसा कॉलरने पुसून माझ्या हातात दिला. "मशीन चांगलं आहे. साइट धोक्याची आहे. कसली साइट आहे ही?"

"खाण आहे. दोन कंपन्यांचं भांडण आहे खाणीवरून."

"मग खोदतंय कोण?"

मी आठवून पाहिलं. त्या अख्ख्या ग्रहावर कुणी एक घमेलं माती काढताना मी पाहिलं नव्हतं. मी त्याला मग कंपन्या, करार, कुरघोड्या अशी सगळी कथा सांगायला लागले. सागरने ती शांतपणे ऐकून घेतली, चपला घालता घालता.

"म्हणजे काम बंद आहे," तो म्हणाला. "ऑपरेटरचा पगार तरी चालू आहे ना?"